उकिडवा बसणारा फलंदाज

१९७५ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतील बॉस्टन शहरात बेसबॉलच्या 'वर्ल्ड सिरीज'चा सहावा सामना चालू होता. (नावात जग असले तरी ही तिकडच्या दोन संघांमधली अंतिम लढत असते.) सामना २१ तारखेच्या रात्री सुरू झाला होता आणि बरोबरी न सुटल्यामुळे मध्यरात्र उलटली तरी संपत नव्हता. बाराव्या डावात बॉस्टनचा कार्लटन फिस्क फलंदाजीला आला. त्याने मारलेला चेंडू उंच उडाला आणि डाव्या सीमेवरच्या खांबाकडे निघाला. खांबाच्या बाहेरून गेला तर 'फाउल', म्हणजे बाद चेंडू. आत राहिला किंवा खांबाला लागला तर होम रन आणि सामना खिशात! फिस्क जागच्या जागी उड्या मारत, दोन्ही हातांनी चेंडूला 'आत ये, आत ये' अशा खुणा करत होता. चेंडू खांबाला लागला.

त्या क्षणी फिस्कच्या पाठीमागे प्रतिस्पर्धी सिनसिनाटी संघाचा कॅचर होता जॉनी बेंच. फिस्क स्वतःही कॅचरच. आता गंमत पाहा. बेंचचा जन्म ७ डिसेंबर १९४७ चा आणि फिस्कचा २६ डिसेंबर १९४७ चा. दोघांत अवघ्या एकोणीस दिवसांचे अंतर! दोघेही त्या रात्री सत्तावीस वर्षांचे होते. पण बेंचने १९८० नंतर कॅचरची जागा जवळजवळ सोडलीच आणि १९८३ साली, पस्तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. फिस्क मात्र १९९३ पर्यंत खेळत राहिला, पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत! एकाच महिन्यात जन्मलेले, एकच काम करणारे दोघे. मग एकाची बॅट दहा वर्षे आधी का थकली?

तुम्ही म्हणाल, 'सर, हा प्रश्न खेळाच्या मासिकातला. आम्हाला कशाला?' पण जरा थांबा. यात तरफेचा नियम आहे, कार्य आणि ऊर्जा आहे, आणि सरासरी नावाची एक मायावी वस्तू आहे. तिने भल्याभल्यांना फसवले आहे.

प्रथम कॅचर म्हणजे कोण ते पाहू. शाळांच्या स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे सांगायला नको. इतरांनी आपला यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणावा. फरक असा की वेगवान गोलंदाजीच्या वेळी यष्टिरक्षक बराच मागे उभा असतो. कॅचर मात्र फलंदाजाच्या अगदी पाठीशी उकिडवा बसतो. चेंडू फेकणारा पिचर १८.४४ मीटर अंतरावर असतो. चेंडूचे वस्तुमान सुमारे १४५ ग्रॅम आणि वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. संघाने फेकलेल्या, सामन्याला सव्वाशे ते दीडशे, चेंडूंसाठी कॅचर बसतो आणि पुन्हा उठतो. असे १६२ सामने, आणि तेही सहा महिन्यांत! एवढे करून आपल्या संघाची पाळी आली की त्याने बॅट घेऊन धावाही करायच्या.

गुडघ्यातील तरफ

कॅचर थकतो तो उठाबशांमुळे, असे चटकन वाटते. चला, हिशेब करू. ९० किलोग्रॅम वस्तुमानाचा मनुष्य उठताना त्याचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर वर जातो असे धरा. कार्य = ९० × ९.८ × ०.५, म्हणजे सुमारे ४४० जूल. दीडशे वेळा केले तर ६६,००० जूल, म्हणजे जेमतेम १६ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तरी खर्च ६५ किलोकॅलरीच्या आत. आपल्या घरच्या तूप लावलेल्या एका पोळीत याहून अधिक ऊर्जा असते! तेव्हा ऊर्जा हे काही खरे कारण नव्हे.

आता बलाकडे पाहू. गुडघा ही एक तरफ आहे. सांधा हा टेकू, शरीराचे वजन हा भार आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ हे बल. एका गुडघ्यावर ४० किलोग्रॅमचा, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन, भार येतो असे समजा. खोल बसल्यावर या भाराची रेषा सांध्यापासून १६ सें.मी. दूर पडते, तर स्नायूची ओढ गुडघ्याच्या वाटीवरून फक्त ४ सें.मी. अंतरावर लागते, असे ढोबळमानाने धरू. भार × भारभुजा = बल × बलभुजा हा नियम लावा. स्नायूला भाराच्या चौपट, म्हणजे १६०० न्यूटन ओढ लावावी लागते. दीडशेहून अधिक किलोग्रॅमचे वजन टांगल्यासारखे! ही ओढ वाटीला मांडीच्या हाडावर दाबते. चोरून पुढच्या तळाकडे धावणाऱ्याला बाद करायला कॅचर ताडकन उठून चेंडू फेकतो, तेव्हा तर याहून जास्त.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'आपल्याकडे आजीआजोबा जन्मभर उकिडवे बसत आले. त्यांचे काय?' प्रश्न रास्त आहे. आपण उकिडवे बसतो तेव्हा टाचा जमिनीला टेकलेल्या असतात आणि मांड्या पोटऱ्यांवर विसावतात. भाराचा बराच वाटा तिथेच परस्पर पेलला जातो आणि स्नायू सैल सुटतो. कॅचरला सैल सुटून चालत नाही. चवड्यांवर, केव्हाही उसळी घेता येईल अशा बेताने त्याला बसावे लागते. (अलीकडे अनेक कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात.) शिवाय सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मोडलेले हाड जुळते. झिजलेली कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही.

हातांचीही तीच कथा. समोरून येणारा चेंडू हवेच्या विरोधामुळे थोडा मंदावून सेकंदाला ३८ मीटर वेगाने पोहोचतो. त्याची गतिज ऊर्जा सुमारे १०५ जूल. हातमोजा १५ सें.मी. मागे नेत झेलला तर सरासरी बल ७०० न्यूटन; अवघ्या ५ सें.मी.मध्ये थांबवला तर २१०० न्यूटन. कॅचरची बोटे वेडीवाकडी का होतात ते यावरून कळेल. एका हाताने झेलून दुसरा, फेकायचा हात पाठीमागे सुरक्षित ठेवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत बेंचचे नाव घेतले जाते, ते उगीच नाही. आणि बॅटची निसटती कड लागून चेंडू सरळ मुखवट्यावर आदळला, तर थांबायला जेमतेम दोन-तीन सें.मी. मिळतात. त्या वेळी डोक्याला काय हादरा बसत असेल!

एका सहस्रांशाचे सात मीटर

गुडघे दुखतात हे मान्य. पण बॅट तर हातात असते. तिच्याशी गुडघ्यांचा संबंध काय?

पिचरच्या हातून सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. बॅट फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद जातो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि पाय रोवायचे. टोल्याचे बळ हातांत निर्माण होत नाही. पायांनी जमीन रेटली की ते कंबरेतून खांद्यांत आणि तेथून बॅटमध्ये येते. गुडघ्याने कुचराई केली की साखळीची पहिली कडीच ढिली झाली.

आणि वेळेची चूक किती महाग पडते ते पाहा. बॅटचा चेंडूला लागणारा भाग सेकंदाला ३० मीटर वेगाने, पाऊण मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे धरा. कोनीय वेग येतो सेकंदाला ४० रेडियन, म्हणजे एका सहस्रांश सेकंदात २.३ अंश. आरसा जितका फिरवावा त्याच्या दुप्पट प्रकाशकिरण फिरतो हे तुम्ही शिकला आहात; चेंडूचेही ढोबळमानाने तसेच होते. म्हणजे एका सहस्रांश सेकंदाची चूक झाली तर चेंडूची दिशा साडेचार अंशांनी बदलली! बॉस्टनच्या मैदानावरचा डावा खांब ३१० फूट, म्हणजे सुमारे ९५ मीटरवर आहे. तिथे साडेचार अंश म्हणजे सात मीटरांहून अधिक. फिस्कची बॅट त्या रात्री एकच सहस्रांश सेकंद आधी फिरली असती, तर तो चेंडू खांबाला चुकवून प्रेक्षकांत गेला असता. सरळ समोर जाणारा चेंडू फाउल व्हायला ४५ अंशांचा फरक लागतो. त्यालाही दहा सहस्रांश पुरेत.

वयाबरोबर माणसाची प्रतिक्रिया मंदावते ती अशाच थोड्याथोडक्या सहस्रांशांनी. तुम्हाआम्हाला रस्ता ओलांडताना ते जाणवत नाही, पण फलंदाजाच्या धावफलकावर ते उमटते. हे सगळ्याच फलंदाजांना लागू आहे. कॅचरच्या वाट्याला त्यात गुडघ्यांची, बोटांची आणि डोक्याची भर पडते.

सरासरीची माया

मग आलेख काढून टाकू, असे कोणीही म्हणेल. बेसबॉलमध्ये शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी आहेत. दरेक वयाच्या सर्व कॅचरांची सरासरी काढायची. वय क्ष-अक्षावर, सरासरी य-अक्षावर. दहा मिनिटांचे काम. पण त्याआधी एक काल्पनिक उदाहरण सोडवू. (बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे संधीमागे यशस्वी टोल्यांचे प्रमाण. ०.३०० म्हणजे दहा संधींत तीन. एवढ्यावर फलंदाज नाव कमावतो.)

समजा, तीस वर्षे वयाचे चार कॅचर आहेत. त्यांच्या सरासऱ्या ०.३००, ०.२७०, ०.२५० आणि ०.२३०. चौघांची मिळून सरासरी ०.२६२५. चार वर्षांत प्रत्येकाची फलंदाजी सारखीच, ०.०२० ने घसरली. आकडे झाले ०.२८०, ०.२५०, ०.२३० आणि ०.२१०. पण संघमालक काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. ०.२४० च्या खालचे दोघे घरी गेले. उरलेल्या दोघांची सरासरी किती? ०.२६५!

पुन्हा वाचा. प्रत्येक खेळाडू घसरला, एकही सुधारला नाही, आणि आलेखाची रेषा मात्र वर चढली. मी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडतो तेव्हा दरवर्षी कोणी तरी उठून 'सर, बेरीज चुकली' असे सांगतो. बेरीज चुकलेली नसते. आपण चौघांविषयी विचारत होतो आणि उत्तर मिळाले दोघांविषयी.

अडतीस वर्षांच्या कॅचरांची सरासरी काढणे म्हणजे ज्यांचे गुडघे टिकले अशांनाच 'गुडघे दुखतात का?' असे विचारणे. ज्यांचे दुखतात ते यादीतच नाहीत. कॅचरांच्या बाबतीत ही गळती अधिक, म्हणून फसगतही अधिक. त्यात आणखी एक गोम. कॅचरला चेंडू झेलण्याच्या कौशल्यासाठीही ठेवतात. सेंट लुइसचा यादिएर मोलिना चाळिसाव्या वर्षी, २०२२ साली, शेवटचा हंगाम खेळला तेव्हा त्याची सरासरी ०.२१४ होती. पहिल्या तळावर उभ्या राहणाऱ्या खेळाडूला एवढ्या सरासरीवर कोणी चाळिशीपर्यंत पोसले नसते. म्हणजे चांगले फलंदाज तेवढेच यादीत उरतात असेही सरसकट म्हणता येत नाही. उत्तम झेलणारा दुबळा फलंदाजही उरतो. आलेखात या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

मग उपाय? प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करायची. या वर्षीचा अमुक आणि पुढच्या वर्षीचा तोच अमुक, यांतला फरक घ्यायचा आणि मग फरकांची सरासरी काढायची. ही रीत पहिलीपेक्षा पुष्कळच बरी. तरी तीही निर्दोष नाही, कारण ज्याला दैवाने एक वर्ष हात दिला तोच पुढच्या वर्षी खेळवला जातो, आणि दैव दरवर्षी हात देत नाही. त्यामुळे घसरण आहे त्याहून थोडी जास्त दिसते.

प्रयोगशाळेत आम्ही काय करतो? एक गोष्ट बदलतो, बाकीच्या स्थिर ठेवतो. कॅचरला उकिडवे बसणे सोडायला लावले आणि फलंदाजी तशीच चालू ठेवली, तर? असे प्रयोग प्रत्यक्षात घडले आहेत. ह्यूस्टनचा क्रेग बिजिओ १९९२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कॅचरची जागा सोडून दुसऱ्या तळावर गेला. २००७ पर्यंत खेळून त्याने ३,०६० यशस्वी टोले मारले. ब्राइस हार्पर शाळकरी वयात कॅचर होता. २०१० साली वॉशिंग्टनच्या संघाने त्याला निवडतानाच मैदानात दूर उभे राहणारा खेळाडू म्हणून घेतले. त्याची बॅट त्यांना जपायची होती.

पण दुसऱ्या बाजूची उदाहरणेही ऐका. मिनेसोटाच्या जो मॉअरने २००६, २००८ आणि २००९ साली अमेरिकन लीगमधील सर्वोच्च सरासरी गाठली. त्याच्याआधी त्या लीगच्या इतिहासात एकाही कॅचरला हे एकदाही जमले नव्हते. ऑगस्ट २०१३ मध्ये चेंडू मुखवट्यावर आदळून त्याच्या मेंदूला हादरा बसला. २०१४ पासून तो पहिल्या तळावर गेला. गुडघ्यांचा भार संपला. सरासरी मात्र ०.३२४ वरून ०.२७७ वर आली. भार काढला तरी मार आधीच बसला होता! खुद्द फिस्कला १९८६ च्या आरंभी कॅचरच्या जागेवरून हलवून डाव्या बाजूला मैदानात उभे केले होते. आदल्या वर्षी ३७ होम रन मारणाऱ्या या गृहस्थाची सरासरी त्या वर्षी ०.२२१ झाली. नवी जागाही माणसाला थकवते.

क्रिकेटमधले उदाहरण श्रीलंकेच्या कुमार संगकाराचे. यष्टिरक्षक म्हणून खेळलेल्या कसोटींत त्याची सरासरी ४०.४८, हातमोजे उतरवून खेळलेल्या कसोटींत ६६.७८. आकडे बोलके आहेत, तरी घाई नको. हातमोजे उतरवले तेव्हा तो अनुभवाने पिकलाही होता. एक गोष्ट बदलताना दुसरीही बदलली, तर श्रेय कोणाला द्यायचे?

आता पुन्हा बॉस्टनच्या त्या रात्रीकडे येऊ. बेंच आणि फिस्क एका वयाचे, असे आपण धरून चाललो. पण क्ष-अक्षावर वयच का घ्यायचे? जुनी मोटार घेताना तुम्ही ती कोणत्या सालची हे विचाराल, आणि ती किती किलोमीटर धावली हेही विचारालच. बेंच विसाव्या वर्षी, १९६८ मध्ये, एका हंगामात १५४ सामने कॅचर म्हणून बसला आणि १९८० पर्यंत सलग तेरा वर्षे त्याने दरसाल शंभराहून अधिक सामने केले. तेव्हा त्याचे सतराशेंवर सामने भरले होते, म्हणजे दोन लाखांहून अधिक चेंडूंसाठी बसणे-उठणे! फिस्कचे पहिले पूर्ण वर्ष १९७२. त्यात १९७४ साली धावणाऱ्या खेळाडूशी टक्कर होऊन त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, पुढच्या वर्षीचाही बराच काळ वाया गेला. १९८० अखेर त्याचे सामने होते सुमारे हजार. वय एक, पण धाव निराळी. ज्या दुखापतींबद्दल तो तेव्हा हळहळला असेल, त्यांनीच त्याचे शेकडो सामने वाचवले होते.

मला हा विचार पटतो. तरी त्याने सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. इव्हान रॉड्रिगेझ एकोणिसाव्या वर्षी, १९९१ साली, कॅचर झाला आणि २०११ पर्यंत २,४२७ सामने बसला. मोटारीची उपमा तिथे लंगडी पडते. बेंचचे आणखीही काही होते. १९७२ च्या अखेरीस त्याच्या फुप्फुसावरचा एक डाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. सुदैवाने तो निरुपद्रवी निघाला. शिवाय फिस्कच्या अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून केवळ फलंदाजीपुरता एक खेळाडू ठेवायची मुभा होती. थकलेल्या कॅचरला उकिडवे न बसवता बॅट देता येई. बेंचच्या नॅशनल लीगमध्ये ती सोय त्याच्या काळात नव्हती.

फिस्क बेचाळिसाव्या वर्षी, १९९० साली, ०.२८५ सरासरीने खेळला आणि त्याने १८ होम रन मारले. २२ जून १९९३ रोजी कॅचर म्हणून २,२२६ वा सामना खेळून त्याने तेव्हाचा विक्रम केला. त्या हंगामातील त्याची सरासरी होती ०.१८९. विक्रमानंतर सहा दिवसांनी संघाने त्याला मुक्त केले.

तुम्हाला स्वतः काही करून पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग सांगतो. मित्राला ३० सें.मी.ची पट्टी शून्य खाली येईल अशी उभी धरायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याजवळ उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही चिमटीत पकडायची. जिथे पकडली ते अंतर मीटरमध्ये मांडा, त्याला ४.९ ने भागा आणि वर्गमूळ काढा. तोच तुमचा प्रतिक्रियाकाल सेकंदांत. २० सें.मी.ला तो सुमारे ०.२० येतो, १५ सें.मी.ला ०.१७५. प्रत्येकाने दहा वेळा करून सरासरी लिहावी. मग चवड्यांवर पन्नास उठाबशा काढाव्यात (गुडघे दुखत असतील त्यांनी नकोत) आणि लगेच पुन्हा दहा वेळा मोजावे. प्रत्येकाचा आधीचा आकडा वजा नंतरचा, असा फरक मांडा.

फरक दिसेल किंवा दिसणारही नाही. मात्र वर्गाची सरासरी काढण्याआधी, उठाबशा अर्ध्यावर सोडून बाकावर जाऊन बसलेल्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.